पानाफुलांचे दप्तर : कोल्हापूरच्या वनस्पतिशास्त्राची वाटचाल

कोल्हापूरचा इतिहास कागदपत्रांच्या भक्कम पायावर उभा आहे. करवीर छत्रपतींच्या कारभारातील पत्रे, हुकूम, जमाखर्च आणि निवाडे येथील पुरालेखागारात जपले गेले आणि त्यांच्या आधारे मराठ्यांच्या इतिहासातील अनेक प्रश्नांचा उलगडा झाला. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले, तेव्हा पहिले कुलगुरू म्हणून लाभलेले डॉ. आप्पासाहेब पवार हे स्वतः इतिहासकार होते आणि ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ हे त्यांनी संपादित केलेले खंड या नव्या विद्यापीठाची ओळख ठरले. जुनी पत्रे जपणे, वाचणे आणि छापणे ही परंपरा या विद्यापीठाला अशी जन्मतःच मिळाली. त्याच विद्यापीठात १९६४ साली सुरू झालेल्या वनस्पतिशास्त्र विभागाने पुढील सहा दशकांत आणखी एक दप्तर उभे केले, ज्याच्याकडे सामान्य वाचकाचे लक्ष क्वचितच जाते. हे दप्तर वाळवलेल्या झाडांचे, त्यांच्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांचे, प्रबंधांचे, शोधनिबंधांचे आणि बागेतील जिवंत रोपांचे आहे. एखादी संशोधनसंस्था कशी वाढली, तिने कोणते प्रश्न हाती घेतले आणि कोणते मागे टाकले, हे वार्षिक अहवालांतील गौरवशब्दांपेक्षा अशा दप्तरातून अधिक नेमके कळते.

वाळलेल्या झाडाचा दस्तऐवज

वनस्पतिशास्त्रात अशा संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. सोळाव्या शतकात इटलीमध्ये लुका गिनी या अध्यापकाने झाडे दाबून, वाळवून कागदावर चिकटवण्याची पद्धत रूढ केली असे मानले जाते आणि मूळ पद्धत आजही फारशी बदललेली नाही. फुलांसह किंवा फळांसह खुडलेली फांदी वर्तमानपत्राच्या किंवा टिपकागदाच्या घड्यांमध्ये ठेवून लाकडी दाबयंत्रात आवळतात, ओल शोषली जाईपर्यंत कागद पुन्हा पुन्हा बदलतात, किडीपासून रक्षण व्हावे म्हणून नमुन्यावर विषारी द्रावणाची प्रक्रिया करतात आणि अखेरीस तो सुमारे ४२ सेंटिमीटर लांब व २८ सेंटिमीटर रुंद अशा जाड कागदावर बसवतात. कागदाच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी असते, तिच्यावर झाडाचे शास्त्रीय नाव, कुल, सापडल्याचे ठिकाण, तारीख, अधिवास, गोळा करणाऱ्याचे नाव आणि त्याचा क्रमांक लिहिलेला असतो. नमुना कितीही देखणा असला तरी ही चिठ्ठी हरवली की त्याची किंमत जवळपास शून्य होते, कारण झाड कोठे आणि केव्हा उगवले होते हे मग कोणालाच सांगता येत नाही.

जगात अशी सुमारे ३,५०० संग्रहालये आहेत आणि त्यांत मिळून ३९ कोटींच्या आसपास नमुने आहेत. प्रत्येक मान्यताप्राप्त संग्रहालयाला एक आंतरराष्ट्रीय संकेताक्षर मिळते. लंडनजवळच्या क्यू येथील संग्रहालयाचे संकेताक्षर ‘के’, पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचे ‘बीएसआय’, तर शिवाजी विद्यापीठाच्या संग्रहालयाचे ‘एसयूके’ आहे. कोणत्याही देशातील संशोधकाने आपल्या निबंधात ही तीन अक्षरे लिहिली की तो नमुना कोल्हापुरात पाहायला मिळतो, हे वाचणाऱ्याला समजते.

विद्यापीठापूर्वीच्या नोंदी

कोल्हापूरच्या झाडांच्या नोंदी विद्यापीठाच्या आधीपासून होत्या, पण त्या कोल्हापुरात नव्हत्या. मुंबई इलाख्यातील वनस्पतींची जंत्री जॉन ग्रॅहम यांनी १८३९ मध्ये केली, १८६१ मध्ये डॅल्झेल आणि गिब्सन यांचे ‘बॉम्बे फ्लोरा’ निघाले, आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी निवृत्तीनंतर इंग्लंडमध्ये बसून १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील मोठा ग्रंथ सिद्ध केला. ‘फ्लोरा’ म्हणजे एखाद्या प्रदेशात आपोआप वाढणाऱ्या सर्व वनस्पतींची, ओळखण्याच्या किल्ल्यांसह केलेली शास्त्रीय सूची. हे ग्रंथ ज्या नमुन्यांवर आधारलेले होते ते क्यू, पुणे आणि मुंबई येथील कपाटांत राहिले, आणि एखादे झाड नेमके कोणते हे ठरवायचे तर कोल्हापूरच्या अभ्यासकाला तेथेच जावे लागे.

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे उतरणाऱ्या आंबा घाटाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात जी. एम. वुड्रो यांच्याबरोबर वनस्पतिसंग्रहाचे काम करणारे एन. बी. रानडे यांना या घाटात घंटेच्या आकाराची लोंबती फुले असणारे एक झुडूप आढळले. १८९४ मध्ये वुड्रो आणि स्टाफ यांनी त्याचे वर्णन करून त्याला ‘अबुटिलॉन रानडेई’ हे नाव दिले, मराठीत त्याला सोनघंटा म्हणतात. पुढे अनेक दशके ते कोणाला सापडल्याची नोंद नव्हती आणि ते नामशेष झाले असावे असा समज पसरला. सह्याद्रीत ते पुन्हा मिळाले तेव्हा हे तेच झाड आहे हे ठरवण्यासाठी जुने वर्णन, जुना नमुना आणि चिठ्ठीवरील ‘आंबा घाट’ ही जागा यांचाच आधार होता. नोंद नसती तर झाड हरवल्याचेही कळले नसते आणि सापडल्याचेही.

त्या काळच्या नोंदींत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. कुक यांच्या ग्रंथात ठिकाणांपुढे कानिटकर, भिवा अशी नावे येतात आणि नावापुढे उद्गारचिन्ह असते. त्याचा अर्थ इतकाच की तो नमुना ग्रंथकाराने स्वतः पाहिला आहे. रानोमाळ हिंडून, घाट चढून-उतरून झाडे गोळा करणाऱ्या या माणसांबद्दल एवढ्या एका शब्दापलीकडे ग्रंथ फारसे काही सांगत नाही. रानडे यांचे नाव झाडाला मिळाले म्हणून टिकले, इतरांची नावे मात्र ग्रंथांच्या कडेला उभी राहिली.

पहिला टप्पा : झाडाच्या आत काय चालते?

१९६४ मध्ये विभाग सुरू झाला तेव्हा वनस्पतींची सूची करणे हे त्याचे सर्वांत ठळक काम नव्हते. प्रारंभीच्या काळात विभागाला नावलौकिक मिळाला तो वनस्पती शरीरक्रियाशास्त्रात, म्हणजे झाडाच्या आत चालणाऱ्या क्रियांच्या अभ्यासात. या अभ्यासाची दिशा प्रामुख्याने प्रा. जी. व्ही. जोशी यांनी ठरवली. अमेरिकेत असताना सहकाऱ्यांसह त्यांनी मिठाचा वनस्पतींच्या कर्बग्रहणावर होणारा परिणाम अभ्यासला होता आणि तो निबंध १९६२ मध्येच प्रसिद्ध झाला होता. कोल्हापुरात आल्यावर हाच प्रश्न त्यांनी कोकण किनाऱ्याकडे वळवला. समुद्रापासून दूर, दख्खनच्या पठारावर वसलेल्या शहरात खाऱ्या चिखलातील झाडांचा अभ्यास व्हावा हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते, पण त्या वेळी रत्नागिरी जिल्हा, ज्यात आजचा सिंधुदुर्गही येत असे, याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात होता हे लक्षात घेतले की त्याचा उलगडा होतो.

खाडीकाठच्या कांदळवनातील झाडांना भरतीच्या खाऱ्या पाण्यात जगावे लागते. साध्या झाडांना मारून टाकील इतके मीठ त्यांच्या मुळांभोवती असते. काही झाडे मुळांपाशीच बरेचसे मीठ अडवतात, तर तिवरासारखी काही झाडे ते पानांवरील ग्रंथींतून बाहेर टाकतात. इतके मीठ पेशींत शिरत असताना ही झाडे सूर्यप्रकाशात अन्न कसे तयार करतात, हा जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रश्न होता. त्यासाठी पानाला किरणोत्सारी कार्बन-१४ असलेला कार्बन डायऑक्साइड देतात आणि काही सेकंदांनी किंवा मिनिटांनी पान उकळत्या मद्यार्कात टाकून क्रिया थांबवतात. तोवर तो कार्बन कोणत्या संयुगात जाऊन बसला आहे हे त्यावरून शोधता येते. बहुसंख्य वनस्पतींत पहिले स्थिर संयुग तीन कर्बअणूंचे असते, ऊस आणि मका यांसारख्या वनस्पतींत चार कर्बअणूंचे असते, तर पानफुटीसारख्या मांसल पानांच्या वनस्पती रात्री कर्बवायू साठवून दिवसा वापरतात. कांदळवनातील झाडे या तीन वाटांपैकी कोणत्या वाटेने जातात याबद्दल जोशी, लीला भोसले, जामळे आणि कराडगे यांनी केलेले काम १९७५ मध्ये कांदळवनांवरील आंतरराष्ट्रीय परिषदेच्या कार्यवृत्तात आले. लीला भोसले यांनी पुढे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील कांदळवनांचा अभ्यास चालू ठेवला.

या टप्प्याच्या नोंदींचे स्वरूप वेगळे आहे. शरीरक्रियेच्या प्रयोगात पान चिरडले जाते, गाळले जाते, मोजले जाते आणि संपते. मागे उरतात ती कोष्टके, आलेख आणि प्रबंधाची टंकलिखित पाने. म्हणून या काळाचे दप्तर ग्रंथालयातील प्रबंधांत आणि नियतकालिकांत आहे. आज शिवाजी विद्यापीठाचे अनेक प्रबंध ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संकेतस्थळावर वाचायला मिळतात आणि एका मार्गदर्शकाच्या हाताखाली कोणी कोणत्या झाडावर काम केले, हे विषयांच्या क्रमाने लावून पाहिले तर विभागाचे कुतूहल कोणत्या वाटेने गेले ते स्पष्ट दिसते. परंतु यात एक अडचण राहते. ज्या पानावर प्रयोग झाला ते कोणत्या जातीचे होते याबद्दल पन्नास वर्षांनी शंका आली, तर खात्री करण्यासाठी समोर पान नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी त्याच झाडाची एक फांदी वाळवून संग्रहात ठेवावी लागते. अशा फांदीला साक्षी नमुना म्हणतात. प्रयोगशाळेतील काम आणि हर्बेरियम यांचे नाते या साक्षीतून जुळते.

दुसरा टप्पा : सह्याद्रीकडे वळलेली नजर

पुढील काळात विभागाचे लक्ष अधिकाधिक वर्गीकरणशास्त्राकडे, म्हणजे जाती ओळखणे, त्यांना नावे देणे आणि त्यांचे परस्परांशी नाते लावणे या शाखेकडे वळले. या वळणाशी प्रा. एस. आर. यादव यांचे नाव घट्ट जोडलेले आहे. त्यांनी आणि मिलिंद सरदेसाई यांनी लिहिलेला कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ विद्यापीठाने २००२ मध्ये प्रसिद्ध केला आणि कुक यांच्या ग्रंथाला जवळपास शतक उलटल्यावर या जिल्ह्याची स्वतंत्र वनस्पतिसूची प्रथमच हाती आली.

असा ग्रंथ कोल्हापूरसाठी का महत्त्वाचा, हे जिल्ह्याच्या नकाशावरून समजते. पश्चिमेकडील गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड या तालुक्यांच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर पूर्वेला शिरोळकडे जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर पडतो. सदाहरित राईपासून काटेरी झुडपांच्या माळापर्यंतचा सगळा पल्ला एका दिवसाच्या प्रवासात पार होतो. त्यातच मसाई पठारासारखे जांभ्या दगडाचे सडे आहेत. उन्हाळ्यात उघडेबोडके दिसणारे हे सडे पावसाच्या चार महिन्यांत गेंद, सीतेची आसवे, निरनिराळी गवते आणि कंदवर्गीय फुले यांनी भरून जातात. यातील कित्येक वनस्पती प्रदेशनिष्ठ आहेत, म्हणजे त्या जगात इतरत्र आढळत नाहीत. राधानगरी अभयारण्य २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत समाविष्ट झाले, त्याला या वैविध्याचाही आधार होता.

जिल्ह्याची सूची करताना प्रत्येक तालुक्यातून, प्रत्येक ऋतूत नमुने गोळा करावे लागतात, कारण एखादे फूल वर्षात दोनच आठवडे दिसते आणि कारवीसारखे झुडूप तर सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. म्हणून अशा ग्रंथामागे कपाटे भरतील इतके नमुने उभे असतात. चिठ्ठ्यांवरील ठिकाणे आणि तारखा क्रमाने लावल्या तर विभागाच्या फिरतीचा नकाशाच तयार होतो. कोणत्या घाटाकडे पावले पुन्हा पुन्हा वळली आणि कोणता तालुका दुर्लक्षित राहिला, हेही त्यातून दिसते.

या फिरतीतून विज्ञानाला अपरिचित असलेल्या जातीही हाती आल्या. क्लोरोफायटम या वंशात, ज्यात औषधी सफेद मुसळी येते, सरदेसाई, गायकवाड आणि यादव यांनी वर्णिलेल्या एका जातीचे नाव ‘क्लोरोफायटम कोल्हापुरेन्स’ आहे. वंश म्हणजे जवळच्या नात्यातील जातींचा गट. गवतांसारख्या ओळखायला किचकट गटावर पोतदार, साळुंखे आणि यादव यांनी महाराष्ट्रातील गवतांचा ग्रंथ सिद्ध केला आणि तोही विद्यापीठाने २०१२ मध्ये छापला. बाह्यरूपावरून निवाडा होत नसेल तेथे विभागातील संशोधकांनी पेशीतील गुणसूत्रे मोजून, त्यांची लांबी आणि आकार पाहून निर्णय घेतले. पेशींचा अभ्यास आणि वर्गीकरण यांची सांगड घालणारी ही पद्धत क्लोरोफायटम आणि रानकांद्याच्या गटात विशेष उपयोगी पडली. झाडाच्या आत डोकावण्याची जुनी सवय आणि नाव देण्याची नवी गरज येथे एकत्र आली.

नव्या जातीला नाव देण्याचे नियम कडक आहेत. १९५८ पासून, ज्या नमुन्यावरून वर्णन केले तो नमुना नेमून सांगणे बंधनकारक आहे. त्याला प्ररूप नमुना म्हणतात. २०१२ च्या आधी वर्णनाचा सारांश लॅटिनमध्ये द्यावा लागे, त्यामुळे कोल्हापूरच्या माळावरील गवतालाही लॅटिनमधून जगापुढे यावे लागत होते. एकाच वेळी गोळा केलेल्या नमुन्याच्या प्रती अनेक संग्रहालयांत ठेवतात, म्हणजे एक जळाली किंवा हरवली तरी पुरावा उरतो. पूर्वी कोल्हापूरच्या घाटातील नमुना क्यूला जाऊन तेथेच राही. आता त्याची एक प्रत बाहेर जाते आणि एक ‘एसयूके’मध्ये राहते. संस्थेची वाढ मोजण्याचे याहून स्पष्ट माप सापडणे कठीण आहे.

तिसरा टप्पा : जिवंत नोंदी

नोंद झाली म्हणून झाड वाचत नाही, ही जाणीव विभागाच्या पुढच्या कामामागे दिसते. सेरोपेजिया या वंशातील वनस्पतींचे, ज्यांना मराठीत कंदीलपुष्प किंवा खर्चुडी म्हणतात, उदाहरण यात सर्वांत महत्त्वाचे आहे. यांचे फूल नळीसारखे असते आणि नळीच्या आत खाली वळलेले केस असतात. वासाला भुलून आत शिरलेली बारीक माशी या केसांमुळे परत फिरू शकत नाही. काही काळाने केस सुकतात आणि परागपुंज घेऊन माशी बाहेर पडते. या वनस्पतींचे कंद पिठूळ आणि खाण्याजोगे असल्याने माणसे, रानडुकरे आणि साळिंदरे ते उकरतात, कोवळे वेल गुरे खातात आणि कड्याकपारींवरील त्यांच्या मोजक्या जागा रस्ते, खाणी व पर्यटन यांच्या वाटेत येतात.

महाराष्ट्रातील कित्येक कंदीलपुष्पे दीर्घकाळ केवळ एका-दोन जुन्या नमुन्यांवरून माहीत होती. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे एम. वाय. अन्सारी यांनी पुण्यात बसून या गटाचा पाया घातला आणि अनेक नव्या जाती वर्णिल्या; तो धागा पुढे कोल्हापुरात उचलला गेला. जुन्या चिठ्ठ्यांवरील ठिकाणे शोधत संशोधक त्या त्या गडावर आणि पठारावर गेले, काही जाती पुन्हा मिळाल्या आणि नाशिकजवळच्या अंजनेरीचे नाव मिळालेल्या ‘सेरोपेजिया अंजनेरिका’सारख्या नव्या जातीही सापडल्या. बियांपासून, कंदांपासून आणि ऊतीसंवर्धनाने, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत रोपे तयार करून, त्यांची संख्या वाढवण्यात आली, काही रोपे त्यांच्या मूळ अधिवासात परत लावण्यात आली आणि विद्यापीठाच्या उद्यानात त्यांचा जिवंत संग्रह उभा राहिला. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने या उद्यानाला अग्रणी वनस्पती उद्यानाचा दर्जा दिला, तो पश्चिम घाटातील दुर्मीळ वनस्पतींच्या संवर्धनासाठी.

अशा उद्यानातील नोंदवही हर्बेरियमच्या चिठ्ठीला पूरक असते. रोप कोणत्या ठिकाणाहून, कोणत्या तारखेला आले, बियांपासून वाढले की कंदापासून, केव्हा फुलले, केव्हा मेले, हे सर्व तिच्यात लिहावे लागते. ही नोंद नसलेले रोप बागेची शोभा वाढवील, पण ते पुन्हा कोणत्या डोंगरावर लावायचे हे सांगू शकणार नाही.

न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे

जुन्या नोंदींचे खरे सामर्थ्य असे, की त्या गोळा करणाऱ्याच्या मनातही नसलेल्या प्रश्नांना त्या उत्तर देतात. १९८७ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ वुडवर्ड यांनी केंब्रिजच्या संग्रहातील दोनशे वर्षांच्या काळातील पाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तशी पानांवरील श्वसनरंध्रांची संख्या कमी होत गेल्याचे आढळले. २०१३ मध्ये संशोधकांनी एकोणिसाव्या शतकातील वाळलेल्या बटाट्याच्या पानांतून डीएनए काढून आयर्लंडच्या दुष्काळाला कारणीभूत झालेल्या रोगजंतूचा नेमका वाण ओळखला. बोस्टनमध्ये जुन्या नमुन्यांच्या तारखांवरून झाडांचा बहर तापमानवाढीमुळे किती लवकर येऊ लागला हे दाखवण्यात आले. दीडशे वर्षांपूर्वी फांदी दाबून ठेवणाऱ्याला डीएनए हा शब्दही माहीत नव्हता.

कोल्हापूरच्या नमुन्यांतही अशा शक्यता आहेत. मसाई पठारावरील एखादे फूल १९९० च्या दशकात कोणत्या आठवड्यात फुलत होते आणि आज कोणत्या आठवड्यात फुलते, उसाखाली गेलेल्या नदीकाठच्या जमिनीवर पूर्वी कोणत्या पाणवनस्पती होत्या, बाहेरून आलेले रानमोडी किंवा घाणेरीसारखे तण कोणत्या वाटेने घाटात शिरले, हे चिठ्ठ्यांवरील ठिकाणे आणि तारखा सांगू शकतात. त्यासाठी नमुन्यांची उच्च प्रतीची छायाचित्रे आणि चिठ्ठ्यांची संगणकीय सूची सर्वांना खुली असणे आवश्यक आहे.

दप्तरातील रिकाम्या जागा

मात्र हर्बेरियम आणि प्रबंध यांतून संस्थेचा संपूर्ण इतिहास मिळत नाही. कोणत्या प्रकल्पाला निधी मिळाला आणि कोणत्या नाकारल्या गेलेल्या प्रस्तावामुळे एखादी दिशा सोडून द्यावी लागली, कोणत्या उपकरणासाठी किती वर्षे वाट पाहावी लागली, शिक्षकांत कोणते मतभेद झाले, हे पत्रव्यवहारात, जमाखर्चाच्या वह्यांत, सभावृत्तांतांत आणि क्षेत्रभेटींच्या डायऱ्यांत असते. बेंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसने हे ओळखले आणि २०१९ मध्ये स्वतःचे अभिलेखागार सर्वांना खुले केले. त्या संस्थेचे मूळ मुंबईत आहे: होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ मध्ये, म्हणजे शिवाजी विद्यापीठाच्याच जन्मवर्षी, रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला होता. पत्रे, प्रयोगवह्या, छायाचित्रे आणि मुलाखती एकत्र आणल्यावर शोधांच्या मागील माणसे आणि निर्णय समोर येतात. पुण्यातही १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून सुरू झालेली आणि १९९२ पासून संस्थापक शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचे नाव धारण करणारी संस्था वनस्पतींचा आणि बुरशींचा मोठा संग्रह सांभाळते, आणि मराठी मुलखातील विज्ञानाचा इतिहास लिहायचा तर अशा सर्व दप्तरांना एकत्र वाचावे लागेल.

दुसरी उणीव जुनीच आहे. कुक यांच्या काळात भिवाचे नाव एका शब्दात आले, पण आजच्या चिठ्ठीवरही झाडाची जागा दाखवणाऱ्या धनगराचे, गुराख्याचे किंवा कंद ओळखणाऱ्या वयस्कर बाईचे नाव बहुधा नसते, आणि अनेकदा झाडाचे स्थानिक नावही लिहिले जात नाही. शास्त्रीय नाव पुढे बदलू शकते, पण आजरा किंवा चंदगडच्या वाडीवर त्या झाडाला काय म्हणत होते हे एकदा विसरले गेले की परत मिळत नाही.

तिसरा धोका सर्वांत साधा आहे. कोल्हापूरच्या पावसाळी दमटपणात कागदाला बुरशी लागते, बारीक भुंगे वाळलेली पाने पोखरतात आणि कपाट सांभाळणारा माणूस निवृत्त झाला की पुढे कोणी आले नाही तर काही वर्षांत चांगला संग्रह भुशात जातो. विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी कित्येक वर्षे नमुने गोळा करत आले आहेत. त्यांतील बरेच नमुने परीक्षा झाल्यावर अडगळीत गेले.

म्हणून येथे महाविद्यालयांना, निवृत्त अध्यापकांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना एक विनंती करणे योग्य ठरेल. जुन्या क्षेत्रवह्या, चिठ्ठीसह असलेले नमुने, घाटवाटांची छायाचित्रे आणि संशोधनाचा पत्रव्यवहार रद्दीत घालण्यापूर्वी विद्यापीठाच्या हर्बेरियमकडे किंवा ग्रंथालयाकडे एकदा विचारणा करावी. आणि विद्यापीठानेही हर्बेरियमच्या देखभालीसाठी कायम माणूस, नमुन्यांच्या संगणकीकरणासाठी नियमित निधी आणि विभागाच्या कागदपत्रांसाठी स्वतंत्र जागा द्यावी. ताराबाईंच्या काळातील पत्रे जपून ज्या विद्यापीठाने मराठ्यांचा इतिहास समृद्ध केला, त्याने सह्याद्रीच्या झाडांचे दप्तरही त्याच काटेकोरपणे सांभाळले पाहिजे.